खेळाचें मोल

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं एका विद्यार्थ्याचें प्रवेशशुल्क अडून राहिलें होतें, त्या निमित्तानें आम्हांस विसरवाडीस जाण्याचा योग आला. नवापूरहून धुळ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचें हें गांव. सुरतेकडील मालमोटारींची रहदारी रात्रंदिवस त्याच्या उशाशीं चाललेली असते, आणि नंदुरबारकडे जाणारा फांटा येथूनच फुटतो. १९९८ सालीं धुळें जिल्ह्याचा विभाग होऊन नंदुरबार जिल्हा निराळा झाला, तेव्हांपासून हा मुलूख नव्या जिल्ह्यांत मोडतो. आसपासच्या पाड्यांवर भिल्ल, मावची, कोकणा या जमातींची वस्ती आहे. शेतांतील काम आटोपलें म्हणजे यांपैकीं पुष्कळ कुटुंबें ऊंसतोडीसाठीं दक्षिण गुजरातेंत जातात, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल कोयत्यानें फेडून उन्हाळ्यांत परत येतात.

विद्यार्थ्याचा बाप अंगणांत खाटेवर बसला होता. शुल्कासाठीं खात्यांत ठेविलेल्या रकमेपैकीं नऊ हजार रुपये मुलानें मोबाईलवरील एका खेळांत घालविले होते. हा जुगार नव्हता. जिंकून पैसे मिळावयाचे नव्हते. खेळांतील आपल्या शिपायाचे पोशाख, बंदुका आणि आंत काय निघेल तें आधीं न कळणाऱ्या पेट्या यांवर ती रक्कम थोडी थोडी करून गेली होती. बाप रागावलेला दिसला नाहीं. तो म्हणाला, "सर, खेळ फुकट आहे असं पोरगा सांगतो. मग फुकटाला नऊ हजार कसे लागले? तुम्ही शिकलेले माणूस, तुम्ही सांगा." आम्हीं कांहींतरी उत्तर दिलें, पण तें आमचें आम्हांसच पटलें नाहीं. परततांना वाटभर तो प्रश्न मनांत घोळत राहिला. आणि आमचा व्यवसाय इतिहास शिकविण्याचा असल्यामुळें, घरगुती करमणुकीचें मोल पूर्वीं कोण, कसें आणि केव्हां देत असे, याचाच विचार आम्ही करूं लागलों.

घरांतील खेळ पूर्वीं फुकट होते ही समजूत बरोबर नाहीं. सावंतवाडीच्या गंजिफाच पाहा. दशावतारी गंजिफांच्या जोडांत वाटोळीं १२० पानें असतात. दहा अवतारांचे दहा रंग, आणि प्रत्येक रंगाचीं बारा पानें. तीं हातानें रंगवावीं लागत, आणि त्यांत दरबारी कलम व बाजारी कलम असे दोन दर्जे असत. पहिलीं श्रीमंतांच्या बैठकीसाठीं बारीक कुसरीचीं, दुसरीं सामान्य गिऱ्हाइकासाठीं साध्या रेघांचीं. म्हणजे ऐपतीप्रमाणें खेळाची किंमत ठरविण्याची युक्ति आजकालची नव्हे. परंतु एकदां पानें विकलीं कीं चिताऱ्याचा त्या खेळाशीं संबंध संपला. डाव रंगो कीं मोडो, त्याच्या पदरांत त्यानंतर एक दमडीहि पडत नसे. ज्ञानेश्वरांशीं परंपरेनें ज्याचें नांव जोडलें जातें त्या मोक्षपटाचेंहि तसेंच. तो पट पुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत जाऊन सापशिडी झाला; पण येथें काय किंवा तेथें काय, शिडी चढावयास कोणी पैसे मागत नसे, आणि साप चुकवावयास लांच चालत नसे.

द्यूत ही गोष्ट निराळी. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अक्षसूक्तांत फाशांपायीं घरदार गमावलेल्या माणसाचा पश्चात्ताप आहे. तेव्हां हें व्यसनहि आपल्याकडे पुरातनच आहे. तथापि पण लावणाऱ्यास आपण पण लावीत आहों हें ठाऊक असे. क्रीडा एकीकडे आणि द्यूत दुसरीकडे, अशी दोन दालनें समाजानें मनांत स्पष्ट आंखिलीं होतीं. विसरवाडीच्या या बापाजवळहि तींच दोन दालनें होतीं. डोंगऱ्या देवाच्या उत्सवांत पावरीच्या सुरावर सारा पाडा रात्रभर नाचतो, त्याला तो खेळ म्हणतो. पैसे लावून कुटलेले पत्ते त्याच्या लेखीं जुगार. मुलाचे नऊ हजार यांपैकीं कोणत्या दालनांत गेले, हें त्यास उमगत नव्हतें.

आतां यंत्रांच्या युगाकडे वळूं. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें नभोवाणी केंद्र सुरू झालें. श्रोत्यास यंत्राच्या किंमतीखेरीज वर्षाकांठीं दहा रुपयांचा परवाना घ्यावा लागे. त्या काळीं ही रक्कम लहान नव्हती; श्रोते पुरेसे मिळेनात, आणि तीन वर्षांच्या आंतच, १९३० सालीं, कंपनी बुडून सरकारला तो कारभार हातीं घ्यावा लागला. परंतु यंत्र महाग असल्याचा एक परिणाम असा झाला कीं, तें एकाच्या मालकीचें असलें तरी ऐकणारे दहा असत. १९५६ सालीं आकाशवाणीच्या पुणें केंद्रानें युनेस्कोच्या साह्यानें एक प्रयोग केला. मुंबई राज्याच्या पांच मराठी जिल्ह्यांतील सुमारें दीडशें गांवीं श्रोतृमंडळें स्थापण्यांत आलीं. आठवड्यांतून दोनदां, अर्धा अर्धा तास, गांवकऱ्यांनीं एकत्र बसून शेती व आरोग्य यांवरील कार्यक्रम ऐकावे आणि मग त्यांवर चर्चा करावी, अशी योजना होती. रेडिओ एक, कान वीस, आणि बोलणारीं तोंडेंहि तितकींच.

दूरदर्शनाचा इतिहास याच वळणानें गेला. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं अमेरिकेंत राल्फ बेअर या अभियंत्यानें कल्पिलेलें ओडिसी नांवाचें यंत्र बाजारांत आलें. घरच्या दूरदर्शनसंचास जोडून खेळावयाचें हें पहिलें यंत्र. किंमत सुमारें शंभर डॉलर. त्याला आवाज नव्हता; पडद्यावर पांढरे ठिपके तेवढे हलत, आणि मैदानाचें चित्र असलेला पारदर्शक कागद काचेवर चिकटवावा लागे. पेटींत फांसे, पत्ते आणि खोट्या नोटाहि दिलेल्या असत. जणूं जुना पट नव्या यंत्राचा हात धरूनच घरांत शिरला. म्हणजे मुंबईकर प्रथमच घरांत बसून दूरचें चित्र पाहूं लागले त्याच सुमारास अमेरिकन माणूस तें चित्र आपल्या हातानें हलवूं लागला होता.

१९८२ च्या दिल्लींतील आशियाई खेळांबरोबर रंगीत दूरदर्शन आलें. आम्ही त्या दशकांत धुळ्यास शिकत होतों. १९८८ च्या ऑक्टोबरांत महाभारत मालिका सुरू झाली, तेव्हां आमच्या आळींत संच मोजके होते, आणि रविवारीं सकाळीं आमच्या बैठकीच्या खोलींत पाय ठेवावयास जागा नसे. या आठवणीचें कौतुक आम्हीं आजवर अनेकदां लिहिलें व बोलून दाखविलें आहे. पण खरें सांगावयाचें तर त्या चित्राचा एक कोपरा आम्ही नेहमीं गाळीत आलों. धुणींभांडीं करणाऱ्या बाईंचीं दोन मुलें खिडकीच्या गजांना धरून बाहेर उभीं राहत. त्यांना आंत बोलवावें असें आमच्या घरांत कोणालाहि सुचलें नाहीं, आणि आम्हांसहि नाहीं. पूर्वीची करमणूक सामुदायिक होती, हें खरें. पण त्या समुदायाला उंबरठा होता, आणि महागाईनें जो मेळा जमविला त्यांतील कांहींजण गजांबाहेरच राहिले. स्वस्ताईनें तो उंबरठा पुसला, हें तिचें श्रेय नाकारणें अन्यायाचें होईल.

खेळाचीं यंत्रें आपल्याकडे खऱ्या अर्थानें पसरलीं तीं १९९० नंतर. जपानांत निंटेंडो कंपनीनें जुलै १९८३ मध्यें फॅमिकॉम हें यंत्र १४,८०० येनला विकावयास काढलें होतें. खेळणाऱ्यांच्या दोन मुठी त्या यंत्रालाच तारांनीं कायमच्या जोडलेल्या होत्या. दोघांनीं खेळावें हें त्याच्या घडणींतच होतें. या यंत्राच्या स्वस्त नकला आपल्या शहरांतील दुकानांत आल्या. एका कॅसेटींत शेंकडों खेळ अशी जाहिरात असे. घरीं येऊन पाहावें तर तेच पांचदहा खेळ निरनिराळ्या नांवांनीं पुनः पुनः येत. ही फसवणूक होती खरी, पण ती एकदांच होई, आणि दुकानदाराशीं भांडतां येई. ज्यांना यंत्र परवडत नसे तीं मुलें तालुक्याच्या गांवीं व्हिडिओ गेमच्या दुकानांत तासावर पैसे देऊन खेळत. तास संपला कीं दुकानदार हांक मारी. ती हांक कठोर वाटे. पण आपण किती वेळ खेळलों आणि किती पैसे गेले, हें त्या हांकेमुळें मुलास नेमकें कळे.

आजच्या सुशिक्षित घरांत याच विषयावर जेवतांना वाद होतात. सोनीचें प्लेस्टेशन ५ हें यंत्र फेब्रुवारी २०२१ मध्यें भारतांत आलें, तेव्हां त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. शिवाय मोठा नवा खेळ घ्यावयाचा तर चार-पांच हजार निराळे. आमचे एक सहाध्यापक म्हणाले, "एवढ्या पैशांत पोरट्याला लॅपटॉप आला असता." त्यांच्या चिरंजीवांचें उत्तर असें कीं, चौघांचें कुटुंब चित्रगृहांत वर्षभर जाईल तर तेवढाच खर्च होतो. दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु दोघांसहि भांडतां येतें, कारण आंकडा समोर आहे. आईबापांनीं तो पाहिला, कपाळाला आठी घातली, आणि मग होय किंवा नाहीं म्हटलें. महाग वस्तूचा हा एक गुण मानला पाहिजे कीं, तिची किंमत आधीं कळते आणि ती घ्यावयाची कीं नाहीं याचा निर्णय घरांतील कर्त्या माणसांना करावा लागतो.

फुकट खेळाची गोष्ट वेगळी आहे. सप्टेंबर २०१६ मध्यें जिओची सेवा सुरू झाली आणि प्रारंभींचे कांहीं महिने इंटरनेट विनामूल्य मिळालें. पुढेंहि तें स्वस्त राहिलें. हमरस्त्यावरच्या विसरवाडीस आणि आंतल्या पाड्यांस एकाच वेळीं खेळाचें दार उघडलें. खिडकीचे गज उरले नाहींत, हें चांगलेंच झालें. पण या खेळाचा चितारी पानें विकून घरीं जात नाहीं. तो डावांत बसून राहतो. कोणता मुलगा किती वाजतां खेळतो, कोठें हरतो, कोठें चिडतो, याची नोंद ठेवतां येते, आणि नेमक्या त्या क्षणीं थोडक्या रुपयांची वस्तु पुढें करितां येते. रुपयाचीं आधीं खेळांतलीं नाणीं केलेलीं असतात, म्हणून खर्च रुपयांत दिसत नाहीं. शंभर खेळणाऱ्यांपैकीं बहुतेक कांहींच देत नाहींत. जे थोडे देतात त्यांच्यावर सारा डोलारा उभा असतो. गंजिफांच्या काळीं श्रीमंताला दरबारी पान मिळे आणि गरिबाला बाजारी. येथें अधिक कोण देईल हें ऐपतीवर ठरत नाहीं. ज्याला थांबवत नाहीं त्याच्याकडून अधिक घेतलें जातें. पुष्कळदां तो ऊंसतोड्याचा मुलगा असतो.

ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें ऑनलाइन खेळांविषयीं कायदा केला. २२ तारखेस त्यावर राष्ट्रपतींची संमति मिळाली. पैसे लावून पैसे मिळविण्याची आशा दाखविणारे खेळ त्यानें निषिद्ध ठरविले, आणि स्पर्धात्मक व निव्वळ करमणुकीच्या खेळांस मोकळीक दिली. म्हणजे क्रीडा आणि द्यूत हीं जुनींच दोन दालनें कायद्यानें पुन्हां आंखलीं. तें योग्यच झालें. पण विसरवाडीचे नऊ हजार द्यूताच्या दालनांत बसत नाहींत, कारण मुलाला जिंकून कांहीं मिळावयाचें नव्हतेंच. आणि क्रीडेच्या दालनांतहि बसत नाहींत, कारण जो खेळतो त्याच्याशीं विकणारा अहोरात्र व्यवहार करीत राहतो. हें तिसरें दालन आहे. त्याला आपल्या भाषेंत अद्याप नांव नाहीं. आणि ज्याला नांव नाहीं त्याविषयीं मुलाला बजावणें बापाला कठीण जातें.

आमचें उत्तर इतकेंच: खेळ फुकट नव्हता. पूर्वीं किंमत आधीं सांगत, एकदां घेत, आणि ती देतांना घरांतलीं मोठीं माणसें हजर असत. आतां ती मागाहून, तुकड्यातुकड्यानें आणि एकट्या मुलाकडून घेतली जाते. म्हणून मुलाच्या हातीं फुकट खेळ देतांना, ४९,९९० रुपयांचें यंत्र घेतांना आपण जितका विचार करितों, त्याहून थोडा अधिकच विचार करावा. खात्याची किल्ली त्याच्या हातीं असूं नये. आणि शक्य तेथें दोन मुठींचा खेळ निवडावा, म्हणजे कधींमधीं दुसरी मूठ आपल्याला धरतां येईल.

हें उत्तर सांगावयास आम्ही दिवाळीनंतर पुन्हां विसरवाडीस गेलों. घराला कुलूप होतें. शेजारच्या आजी म्हणाल्या, "तोडीला गेले सर, सगळे गेले. पोरालाबी नेलं. बाप म्हणे, नऊ हजार म्हणजे किती दिवसांचा कोयता असतो ते त्याला कळू दे." आमच्या लांबलचक विवेचनापेक्षां त्या बापाचा हिशेब नेमका होता, हें आम्हीं मनांत कबूल केलें. पण मुलगा पहिल्या वर्षाचा, आणि त्या घरांतला महाविद्यालयाची पायरी चढलेला पहिलाच. कुटुंब परत येईपर्यंत चैत्र उजाडेल, आणि परीक्षा तर त्यापूर्वींच होईल. शुल्काची तजवीज आम्हीं कांहीं मित्रांच्या साह्यानें केली आहे. त्याचें नांव पटावरून अद्याप काढलेलें नाहीं.