तेलाचा थर किती जाड हवा?

सायकलच्या चाकात ग्रीस भरताना आपण हात आखडता घेत नाही. भरपूर ग्रीस म्हणजे हलके चाक, अशी आपली समजूत असते. मिनिटाला १०,००० फेरे घेणाऱ्या मिलिंग यंत्राच्या स्पिंडलला मात्र हा न्याय लावला, तर त्याची बेअरिंगे तापून निकामी होतील. असे का व्हावे? हे समजण्यासाठी थोडे इतिहासात जाऊ.

इंग्लंडमध्ये बीचम टॉवर रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. त्यांचा अहवाल १८८३ साली प्रसिद्ध झाला. आसाचा खालचा भाग तेलात बुडालेला होता आणि बेअरिंगच्या माथ्यावर तेल घालण्यासाठी भोक होते. आस फिरू लागताच त्या भोकातून तेल उलट वर येऊ लागले. टॉवर यांनी बूच बसवले, मग लाकडी खुंटी ठोकली. दोन्ही बाहेर फेकली गेली. शेवटी दाबमापक जोडला, तर काटा दर चौरस इंचाला २०० पौंडांच्याही पुढे गेला. बेअरिंगवरील भाराचा सरासरी दाब होता फक्त १०० पौंड! म्हणजे सगळा भार तेलाच्या थरावर तरंगत होता.

याचे गणित १८८६ साली मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी मांडले. फिरणारा आस तेलाला आपल्याबरोबर निमुळत्या फटीत ओढतो. तेल श्यान, म्हणजे वाहण्यास विरोध करणारे असल्यामुळे तिथे दाब निर्माण होतो आणि दोन्ही धातू अलग राहतात. पावसात भरधाव गाडीची चाके रस्त्यावरच्या पाण्यावर तरंगू लागतात, तीही याच तत्त्वाने.

पण छर्ऱ्यांच्या बेअरिंगचे काय? तिथे भार अगदी छोट्या जागेवर येतो. १९१६ साली मार्टिन यांनी दातेरी चाकांसाठी असेच गणित केले, तेव्हा तेलाचा थर पृष्ठभागाच्या खडबडीतपणापेक्षाही पातळ निघाला. या हिशेबाने दाते झपाट्याने झिजायला हवेत. प्रत्यक्षात ती चाके वर्षानुवर्षे चालत होती. मग गणितात काय राहून गेले होते?

दोन गोष्टी राहिल्या होत्या. छर्रा आणि कडे जिथे टेकतात, तिथला दाब वातावरणाच्या दाबाच्या दहा हजार पटींपर्यंत जाऊ शकतो. अशा दाबाखाली पोलाद किंचित चपटे होते आणि तेल कमालीचे घट्ट होते. सोव्हिएत संघातील ग्रुबिन यांनी १९४९ साली या दोन्हींचा एकत्र विचार मांडला, तर १९५९ साली ब्रिटनमधील डाउसन आणि हिगिन्सन यांनी त्याची तपशीलवार आकडेमोड प्रसिद्ध केली. थराची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास, बहुधा त्याहूनही कमी भरते. भार दुप्पट झाला तरी ती फारशी घटत नाही. वेग दुप्पट झाला तर मात्र सुमारे दीडपटीहून अधिक वाढते.

स्पिंडलसाठी वंगण निवडण्याची किल्ली इथे आहे. वेगच थर तयार करत असेल, तर तेल दाट कशाला? दाट तेल घुसळले जाऊन नुसती उष्णता वाढवते. १०० मिलिमीटर व्यासाचे पोलादी कडे १० अंशांनी तापले, तर त्याचा व्यास सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढतो. आतले कडे बाहेरच्या कड्यापेक्षा अधिक तापले की छर्रे चेपले जातात, उष्णता आणखी वाढते आणि हे दुष्टचक्र बेअरिंगचा घात करते.

म्हणून अभियंते आधी बेअरिंगचा मिलिमीटरमधील सरासरी व्यास आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार काढतात. व्यास १०० आणि फेरे १०,००० असतील, तर उत्तर येते १० लाख. अशा ठिकाणी ग्रीस वापरायचे, तर त्यातले मूळ तेल पातळ लागते. ग्रीस मोजूनमापून थोडेच भरतात आणि वेग टप्प्याटप्प्याने वाढवतात, म्हणजे जादा ग्रीस बाजूला सरते. वेग आणखी वाढला, तर दाबाखालील हवेच्या झोताबरोबर ठरावीक वेळाने तेलाचा अगदी छोटा अंश सोडतात. अर्थात तेल फारच पातळ घेतले, तर थर खडबडीतपणा झाकू शकत नाही आणि धातूला धातू घासतो. निवड या दोन टोकांमध्येच करावी लागते.

‘वंगणामुळे घर्षण कमी होते’ हे वाक्य आपण वर्गात सांगतो. ते खरे आहे, पण अपुरे आहे. कोणत्या वेगाला, किती दाट आणि किती वंगण, हे प्रश्न त्याला जोडले, तरच विद्यार्थ्यांना त्यामागचे विज्ञान कळेल.