लोणावळ्याच्या सुट्टीत गोल्फ खेळायचंय? आधी हे समजून घ्या

गोल्फ म्हटलं की समुद्रकाठचं हिरवंगार मैदान डोळ्यांसमोर येतं. कारण स्कॉटलंडमध्ये हा खेळ किनाऱ्यालगतच्या वाळूच्या, खुरट्या गवताच्या जमिनीवर वाढला. अशा कोर्सला 'लिंक्स' म्हणतात. मुंबईत कुलाब्याच्या युनायटेड सर्व्हिसेस क्लबचा कोर्सही समुद्राला लागून आहे.

लोणावळ्यात समुद्र नाही, पण घाटमाथ्याचा वारा आणि पाऊस आहे.

कुठे खेळता येतं?

लोणावळ्याहून साधारण 20 ते 25 किलोमीटरवर, मुळशी तालुक्यातल्या अ‍ॅम्बी व्हॅलीत 18 होलचा कोर्स आहे. ही टाउनशिप सहारा समूहाने उभी केली. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या लिलावाचा आदेश दिला होता. त्यामुळे पाहुण्यांना प्रवेश आहे का, शुल्क किती, हे फोन करून विचारल्याशिवाय निघू नये.

कधी जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस आणि दाट धुकं असतं. धुक्यात पुढे कोण उभं आहे हे दिसत नसेल, तर फटका मारू नये.

मैदानात पाणी साचलं तर?

चेंडू साचलेल्या पाण्यात गेला किंवा तिथे उभं राहून फटका मारावा लागत असेल, तर दंड न घेता तो बाहेर काढता येतो. पाण्यापासून पूर्ण सुटका होईल अशी जवळची जागा शोधायची आणि तिथून एका क्लबच्या लांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू सोडायचा. तलाव, ओढ्याला मात्र ही सवलत नाही. तिथून चेंडू बाहेर घेतला की एका फटक्याचा दंड लागतो.

चेंडू उतारावर हरवला तर?

2019 पासून शोधायला 5 ऐवजी 3 मिनिटंच मिळतात. चेंडू सापडला नाही, तर एक दंड घेऊन आधीच्या जागेवरून पुन्हा मारायचं. निसरड्या कड्यावरून चेंडूसाठी खाली उतरणं जिवावर बेतू शकतं.

सगळ्यात मोठा धोका कोणता?

वीज. एप्रिल-मेचा वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस गडगडाट घेऊन येतो. मोकळ्या मैदानात उभा माणूस सगळ्यात उंच ठरतो. विजेचा धोका वाटला तर खेळाडू स्वतःहून खेळ थांबवू शकतो. नियमच तशी मुभा देतो, त्याला दंड नाही. झाडाखाली किंवा उघड्या शेडमध्ये थांबू नये. पक्की इमारत किंवा बंद मोटार गाठावी आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं तिथेच थांबावं.

अर्धवट राहिलेला डाव नंतर पुरा करता येतो.