मेणाचे नाक

म्हैसूरहून श्रीरंगपट्टण जेमतेम १५ किलोमीटर. तेथील तट पाहताना आम्हां मराठी माणसांस हरिपंत फडक्यांच्या फौजेचे स्मरण व्हावे, हे स्वाभाविकच होय. परंतु वैद्यकाच्या इतिहासात त्या मोहिमेचे जे नाव राहिले, ते कोणा सरदाराचे नव्हे. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणाऱ्या कावसजी नामक मराठा शेतकऱ्याचे आहे.

१७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका माणसाने त्यास नवे नाक करून दिले. क्रूसो व फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ती क्रिया पाहिली, आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिचे सचित्र वर्णन छापून आले.

त्या वर्णनातील एक गोष्ट आम्हांस विशेष मोलाची वाटते. कारागिराने शस्त्र लावण्यापूर्वी मेणाच्या पातळ पत्र्याचे सुबक नाक घडवून ते जखमेवर बसवून पाहिले. मग तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ ओढली आणि तेवढीच कातडी सोडवली. दोन भुवयांमधील अरुंद पट्टी रक्त वाहते राहावे म्हणून तशीच राखली, आणि सांधा काथ लावलेल्या कापडाच्या पट्ट्यांनी बांधला.

सुश्रुताने वेलीच्या पानाने नाकाचे माप घ्यावयास सांगितले होते. पण पान लांबी-रुंदीच देते. मेणाने उंचवटाही दिला. आधी घडीव आकार, मग त्याचा सपाट उलगडा, हा खरा विचार. १८१४ मध्ये कार्प्यू या शल्यवैद्याने लंडनात याच पद्धतीने नाक केले, आणि १८१६ च्या त्याच्या ग्रंथानंतर ती युरोपात रुजली.

१९७१ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात सी.टी. यंत्राने प्रथमच जिवंत माणसाच्या मेंदूचे छेद दाखविले. आज संगणक असे शेकडो छेद एकावर एक रचून चेहऱ्याची प्रतिकृती उभी करतो. धड बाजूचे प्रतिबिंब घेऊन मोडलेली बाजू पडद्यावर जुळवितो. आणि त्याबरहुकूम साचाही छापून मिळतो. साधन पालटले. मात्र देहावर शस्त्र चालविण्यापूर्वी चूक नमुन्यावरच व्हावी, ही दक्षता जुनीच आहे.

त्या इंग्रजी वृत्तांतात रोग्याचे नाव आहे, साक्षीदारांची आहेत. ज्याने नाक घडविले, त्याची मात्र केवळ जात लिहिलेली आहे.