विष सापडलंच नाही, तरी फाशी

आजची गोष्ट १९५६ ची. पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे या मधुमेह असलेल्या विधवा बाई. १२ नोव्हेंबरच्या रात्री त्या डॉ. अनंत लागूंसोबत रेल्वेने मुंबईला निघाल्या. पहाटे बेशुद्ध अवस्थेत त्यांना जी.टी. हॉस्पिटलमध्ये नेलं आणि दुपार व्हायच्या आत त्या गेल्या.

व्हिसेरा तपासला, विष सापडलं नाही. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मत दिलं: मधुमेहामुळे कोमा. पुढे लागूंनी बाईंची मालमत्ता हडपल्याचं बाहेर आलं, खटला उभा राहिला. तेव्हा त्याच डॉक्टरांनी कोर्टात सांगितलं, की तपासणीत न सापडणारं विषही असू शकतं.

सेशन्स कोर्टाने फाशी दिली, हायकोर्टाने कायम केली. डिसेंबर १९५९ मध्ये सुप्रीम कोर्टातही दोन न्यायमूर्ती शिक्षेच्या बाजूने गेले. त्यांचा भर लागूंच्या वागण्यावर होता. तिसरे न्या. सरकार मात्र म्हणाले, मृत्यू अनैसर्गिक होता हेच सिद्ध झालेलं नाही.

लागू निर्दोष होते, असं मी म्हणत नाहीये. प्रश्न पुढचा आहे. डॉक्टरांचं मत एकदा बदललं, तसं निकालानंतर पुन्हा बदललं तर? ब्रिटनमध्ये अशी प्रकरणं पुन्हा तपासायला १९९७ पासून स्वतंत्र आयोग आहे. आपल्याकडे कोर्टात पुनर्विचार याचिका आणि शेवटी क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे त्याच कोर्टाचं दार. तुम्हाला काय वाटतं, तेवढं पुरेसं आहे?