आजी शांत झाली, की तिला गप्प केलं?

जुहूतल्या कितीतरी फ्लॅटमध्ये आता म्हातारी माणसं आणि त्यांना सांभाळणाऱ्या मावशी, एवढेच राहतात. मुलं परदेशात, नाहीतर दिवसभर कामावर. डिमेन्शिया झालेली आजी रात्री उठते, 'मला घरी जायचंय' म्हणत दाराशी जाते. मग एक गोळी सुरू होते. आजी शांत, घर निवांत.

या गोळीच्या इतिहासात मुंबईचं नाव आहे, हे फार लोकांना माहीत नसतं.

सर्पगंधेची मुळी आपल्याकडे वेडाच्या झटक्यावर पूर्वापार देत. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर लेख लिहिला. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापला आणि जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये सिबा कंपनीने तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं. १९५४ मध्ये अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिल्याचं प्रसिद्ध केलं. तिकडे पॅरिसमध्ये १९५२ पासून क्लोरप्रोमाझिन आलं होतं, १९५८ मध्ये बेल्जियममध्ये हॅलोपेरिडॉल तयार झालं. साखळदंडातली माणसं या औषधांनी घरी परतली. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

पण पुढे हीच औषधं, आणि त्यांच्या नव्या पिढीतली रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन, डिमेन्शियाच्या म्हाताऱ्यांना सर्रास दिली जाऊ लागली. २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १७ चाचण्या तपासल्या. गोळी घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका १.६ ते १.७ पट निघाला. नव्या औषधांवर चौकटीत इशारा आला, २००८ मध्ये जुन्यांवरही. २००९ मध्ये ब्रिटनच्या सरकारी अहवालाने हिशेब मांडला: १,८०,००० डिमेन्शिया रुग्णांना ही औषधं, त्यातून वर्षाला सुमारे १,८०० जादा मृत्यू.

आणि धोका फक्त याच गोळ्यांचा नाही बरं का. डिमेन्शियासाठी डोनेपेझिल देतात. त्याने कधीकधी लघवीची घाई होते. मग लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन येतं, जे मेंदूत डोनेपेझिलच्या नेमकं उलट काम करतं. म्हणजे एक पाय ॲक्सिलरेटरवर, दुसरा ब्रेकवर! सर्दीच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनीही गोंधळ वाढतो, तोल जातो, माणूस पडतो. घरचे म्हणतात, 'आजार वाढला.'

भारतात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक डिमेन्शियासोबत जगतात, असा २०२३ चा अंदाज आहे. त्यांच्या गोळ्या बहुतेक घरच्यांच्या नाहीतर मावशींच्या हातून दिल्या जातात. चौकटीतला तो इशारा त्यांच्यापर्यंत मराठीत कोण पोचवणार?

डॉक्टरांना खलनायक ठरवायचं नाहीये. माणूस मारहाण करतो, स्वतःला इजा करतो, तेव्हा गोळी लागतेही. पण कमी डोस, थोडे दिवस आणि ठरलेल्या तारखेला फेरविचार, हे हवंच. त्याआधी दुखणं, बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग तपासायला हवा. कारण आजीला 'दुखतंय' हे सांगता येत नाही, ती फक्त चिडते. आणि कृपा करून, पोस्ट वाचून कुणी गोळी परस्पर बंद करू नका. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरा, डॉक्टरांपुढे ओता आणि विचारा: यातली कुठली आता लागत नाही?

मागणी एकच. कूपर रुग्णालय इथंच आहे. एसएनडीटीच्या जुहू आवारात फार्मसी कॉलेज आहे. दोघांनी मिळून महिन्यातून एक दिवस म्हाताऱ्यांच्या औषधांची मोफत तपासणी ठेवली, तर खर्च किती येईल? जुहूच्या नगरसेवकांना हा प्रश्न जरूर विचारा.