आल्मा बोगदा अपघात : पुराव्यांची तपासणी

पॅरिसमध्ये पाँ द लाल्मा पुलालगतच्या भुयारी रस्त्यात ३१ ऑगस्ट १९९७ रोजी मध्यरात्रीनंतर सुमारे १२ वाजून २३ मिनिटांनी झालेला मोटार अपघात. ब्रिटनचे तत्कालीन युवराज चार्ल्स यांच्या घटस्फोटित पत्नी डायना, त्यांचे मित्र दोदी फायेद व चालक आंरी पॉल यांचा त्यात मृत्यू झाला. अंगरक्षक ट्रेव्हर रीस-जोन्स तेवढे बचावले. दोदींचे वडील मोहम्मद अल फायेद यांनी हा घातपात असल्याचा आरोप केल्याने प्रकरणाचा पुरावा दोन देशांत पुनःपुन्हा तपासला गेला.

पहिली चौकशी फ्रान्समध्ये न्यायाधीश एर्व्हे स्तेफां यांच्या देखरेखीखाली झाली. ब्रिटनमध्ये लंडन पोलिसांचे तत्कालीन आयुक्त जॉन स्टीव्हन्स यांनी २००४ पासून ‘ऑपरेशन पॅजेट’ हा तपास चालवला. त्याचा आठशेहून अधिक पानांचा अहवाल डिसेंबर २००६ मध्ये प्रसिद्ध झाला.

जागेवरचा पुरावा बराचसा पहिल्या काही तासांतच गोळा करावा लागला, कारण बोगदा त्याच सकाळी वाहतुकीला खुला झाला. रस्ता तिथे किंचित डावीकडे वळतो आणि खाली उतरतो. तोंडाजवळ टायर घासल्याची एकेरी, सुमारे १९ मीटर लांबीची खूण होती. पुढे सुमारे ३२ मीटरची दुहेरी खूण तेराव्या खांबाच्या दिशेने गेलेली होती. गाडी प्रथम हेलकावली, मग पूर्ण ताबा सुटला, असा क्रम या खुणांवरून लावता येतो. खांबाला धडकताना त्यांच्या मर्सिडीज गाडीचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास असल्याचे गणित निघाले. तिथली मर्यादा ५० होती. वेगदर्शकाचा काटा १९० च्या पुढे अडकला होता, ही सुरुवातीची बातमी खोटी होती. मर्सिडीज पुढे ब्रिटनमध्ये नेऊन तपासली असता तिच्यात अपघाताला कारण ठरेल असा बिघाड आढळला नाही. गाडीतल्या चौघांपैकी एकानेही पट्टा लावलेला नव्हता.

संशयाला खरे खाद्य मिळाले ते एका पांढऱ्या गाडीमुळे. मर्सिडीजच्या उजव्या बाजूला व आरशावर पांढऱ्या रंगाचे कण सापडले. बोगद्याच्या तोंडाशी टेललाइटच्या लाल काचेचे तुकडे पडले होते. रंगाची रासायनिक जुळणी आणि काचेचा प्रकार यांवरून ती फियाट युनो असल्याचे ठरले. पोलिसांनी परिसरातल्या हजारो पांढऱ्या युनो तपासल्या. दोन्ही गाड्यांचा स्पर्श ओझरता होता, एवढे निश्चित झाले. युनोच्या चालकावर मात्र कधीच खटला भरला गेला नाही. रिचर्ड टॉमलिन्सन या माजी गुप्तहेराने चालकाचे डोळे दिपवणाऱ्या प्रकाशझोताची शक्यता मांडली होती. तिला भौतिक पुराव्याचा आधार मिळाला नाही.

सर्वाधिक वाद पॉल यांच्या रक्तावर झाला. शवविच्छेदनाच्या वेळी घेतलेल्या नमुन्यात दर लिटर रक्तात सुमारे १.७४ ग्रॅम मद्यार्क आढळला. फ्रान्समध्ये मर्यादा ०.५ ग्रॅमची. डोळ्यातील काचाभ द्रवाचा निकालही जवळजवळ तोच आला. पण त्याच रक्तात कार्बन मोनॉक्साइडने बांधलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण २०.७ टक्के निघाले. इतक्या विषबाधेत माणूस डोकेदुखीने बेजार झाला असता, आणि ते जिथून निघाले त्या रिट्झ हॉटेलच्या चित्रफितीत तर पॉल वाकून बुटाची नाडी नीट बांधताना दिसतात. म्हणून अल फायेद यांच्या बाजूने नमुने बदलल्याचा आरोप झाला. ४ सप्टेंबरला मांडीतून घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यात हे प्रमाण १२.८ टक्के होते, मद्यार्क मात्र साधारण तितकाच. पॉल भरपूर धूम्रपान करत. शिवाय पहिले रक्त छातीच्या पोकळीत साचलेले असल्याचे नंतर पुढे आले. तरीही पहिल्या आकड्याचे सर्वमान्य उत्तर मिळालेले नाही, आणि कागदपत्रांतील ढिसाळपणाही उघड झाला. नमुना पॉल यांचाच होता का, हा प्रश्न आईच्या डीएनएशी जुळणी करून सोडवण्यात आला, व तो जुळला. प्रस्तुत लेखकाच्या मते या तपासातला सर्वांत निर्णायक दुवा हाच: आकडा कोड्यात पाडतो, पण रक्त बदलले होते या आरोपाचा पाया या जुळणीने निखळतो.

डायना गरोदर होत्या या दाव्याची पडताळणी गाडीच्या गालिच्यावरील त्यांच्या रक्तातून झाली. गर्भावस्थेचे संप्रेरक त्यात नव्हते. बोगद्यातील क्षणांचे चित्रीकरण कोणत्याच कॅमेऱ्यात नव्हते. कॅमेरे मुद्दाम बंद ठेवल्याचा आरोप झाला, तो सिद्ध झाला नाही.

लंडनमध्ये लॉर्ड जस्टिस स्कॉट बेकर यांच्यासमोर सहा महिने चाललेल्या मृत्यूचौकशीत अडीचशेहून अधिक साक्षी झाल्या. ७ एप्रिल २००८ रोजी ज्यूरीने नऊ विरुद्ध दोन मतांनी ‘बेकायदा मनुष्यवध’ असा निर्णय दिला. त्याची कारणे पॉल यांचे आणि मर्सिडीजचा पाठलाग करणाऱ्या वाहनांच्या चालकांचे घोर निष्काळजीपणे वाहन चालवणे ही होती. मद्य आणि पट्टा न लावणे यांचाही त्यात उल्लेख आहे. कटाचा निष्कर्ष ज्यूरीने काढला नाही. २०१३ मध्ये ब्रिटिश लष्कराच्या विशेष दलावर नव्याने झालेला आरोपही लंडन पोलिसांनी तपासला आणि त्याला विश्वासार्ह पुरावा नसल्याचे त्या वर्षी डिसेंबरमध्ये जाहीर केले.