भूऔष्णिक उष्णता पंप

भूऔष्णिक उष्णता पंप हे जमिनीत साठलेली उष्णता हिवाळ्यात घरात आणणारे व उन्हाळ्यात घरातील उष्णता जमिनीत सोडणारे यंत्र होय. यातील ‘भूऔष्णिक’ हे विशेषण काहीसे फसवे आहे. वज्रेश्वरी किंवा उन्हवरे येथील गरम पाण्याच्या झऱ्यांमागे खोल भूगर्भातील उष्णता असते. या यंत्राचा तिच्याशी फारसा संबंध नाही. ते मुख्यतः सूर्याने तापवलेल्या जमिनीची उष्णता वापरते. सुमारे १० मीटर खोलीखाली ऋतुबदल जवळजवळ पोहोचत नाही आणि तेथील तापमान त्या स्थळाच्या हवेच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या आसपास स्थिर राहते. खोल विहिरीचे पाणी थंडीत कोमट व वैशाखात गार लागते, ते याच कारणाने.

कार्य

घरातील फ्रिज आतली उष्णता काढून पाठीमागच्या जाळीतून बाहेर टाकतो. येथेही तेच चक्र असते. फक्त आतल्या कप्प्याची जागा जमीन घेते. विंधनविहिरीत सोडलेल्या प्लॅस्टिकच्या नळीतून पाणी व गोठणरोधक द्रव यांचे मिश्रण फिरते. (आवार मोठे असल्यास एक-दोन मीटर खोल चरांत नळ्या आडव्या पुरतात.) हे मिश्रण जमिनीहून थंड असल्याने तिची उष्णता घेते. त्या उष्णतेने कमी दाबाखालील प्रशीतकाची वाफ होते. कॉम्प्रेसरने ती दाबली की तिचे तापमान वाढते. पुन्हा द्रवरूप होताना ती आपली उष्णता घरातील नळ्यांतल्या पाण्याला देते. त्यानंतर झडपेतून जाताना दाब उतरतो व प्रशीतक थंड होतो. उन्हाळ्यासाठी चक्र उलटे फिरवता येते. थंड प्रदेशांत तर कॉम्प्रेसर बंद ठेवून जमिनीतला गार द्रव नुसता फिरवला तरी पुरते.

येथे वीज उष्णता निर्माण करण्यास नव्हे, तर वाहून नेण्यास लागते. त्यामुळे विजेच्या एका एककामागे साधारण ३ ते ४ एकके उष्णता मिळते. जमीन व घरातील नळ्या यांच्या तापमानांत अंतर जितके कमी, तितका लाभ अधिक. म्हणून ३५ अंश सेल्सियसच्या पाण्यावर भागणारी फरशीखालची नळ्यांची रचना या पंपाला विशेष मानवते.

प्रसार

उष्णता पंपाचे तत्त्व लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ मध्ये मांडले. जमिनीतून उष्णता घेण्याच्या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंता हाइनरिख त्सोली यांच्या नावे १९१२ मधील आहे. मात्र खरा प्रसार १९७३ च्या तेलसंकटानंतर झाला आणि त्यात स्वीडन अग्रभागी राहिला. तेथील ग्रॅनाइट व नाइस हे खडक उष्णतेचे चांगले वाहक आहेत; त्यांत खणलेली विहीर ढासळत नाही व भूजलाने आपोआप भरते.

मर्यादा

जमीन हे अक्षय पात्र नव्हे. उपसलेली उष्णता भोवतालच्या खडकातून सावकाश भरून येते. विहीर उथळ किंवा शेजारच्या विहिरीला फार जवळ असेल, तर जमीन वर्षानुवर्षे थंड होत जाते व पंपाचे विजेचे बिल वाढते. म्हणूनच स्वीडनमध्ये दोन विहिरींत किमान २० मीटर अंतर ठेवण्याची शिफारस आहे. महाराष्ट्रात अडचण नेमकी उलटी आहे. येथे जमीन मुळातच २५ अंशांच्या आगेमागे असते आणि घरे तापवण्याची गरज जवळजवळ नसते. केवळ थंडाव्यासाठी पंप वापरल्यास जमिनीत उष्णता साचतच जाते.

खोदाईपूर्वी भूस्तरांची तपासणी किती आवश्यक आहे, हे जर्मनीतील श्टाउफेन या ऐतिहासिक गावाने दाखवून दिले. २००७ मध्ये तेथील नगरभवनासाठी सुमारे १४० मीटर खोलीच्या सात विहिरी खणल्या गेल्या. त्यांवाटे दाबाखालील भूजल अ‍ॅनहायड्राइट या खनिजाच्या थरात शिरले. पाणी शोषून त्याचे जिप्सम होते व आकारमान सुमारे ६० टक्क्यांनी वाढते. परिणामी जमीन फुगून वर येऊ लागली आणि अडीचशेहून अधिक घरांच्या भिंतींना तडे गेले. विहिरी बुजवून व भूजल सतत उपसून पुढे हा वेग मंदावण्यात आला.